सुभेदारांची परात

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठली तेही विचारलं नाही. ओसरीवर उकिडवे बसले होते, पुढ्यात पाण्याची बादली. तीत हात घालून त्यांनी एक दगड काढला, ओलाच माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बोला. काय हाय?"

मी तालुक्याच्या कोर्टात लघुलेखक म्हणून नुकतीच आटपाडीला रुजू झाले होते. सांगलीची मुलगी. त्या दिवशी तीन खोल्या पाहून झाल्या होत्या आणि ऊन असं होतं की कुणाशी धड बोलू नये. 'दगड आहे, दुसरं काय असणार' हे अगदी जिभेवर आलं होतं. पण काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "लाल आहे. थंड आहे. आणि दिसतो त्यापेक्षा गुळगुळीत आहे."

"खोली तुमची," ते म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, "आवं, त्यांस्नी मोरी तर दावा आदी!"

पुढे कळलं की माझ्याआधी दोघांनी 'दगुड हाय' असं उत्तर देऊन ती खोली गमावली होती. त्यातला एक तर कॉलेजात शिकवणारा होता. सुभेदारांना त्याचं फार वाईट वाटलेलं. "शिकल्याला मानूस, हातात घेतलं न घेतलं आन् म्हनला दगुड. आता मी म्हनलं आसतं का, ह्यो नुसता मानूस हाय म्हनून?"

सारा गाव त्यांना सुभेदार म्हणायचा. मी तोंडावर काका म्हणायचे आणि मनात सुभेदारच. फौजेत असताना राजस्थानात खंदक खणायचं काम होतं. तिथला एक साहेब कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकलेला. खंदकातून निघालेली खडी तो चाळत बसायचा, आणि यांना त्याच्या शेजारी बसायची सवय लागली. लागली ती सुटली नाही. निवृत्त होऊन आले तेव्हा मिरज स्टेशनवर त्यांची ट्रंक उतरवायला दोन हमाल लागले, हे काकू सांगायच्या. "मी म्हनलं, राजस्थानची लुगडी आसतील. उघडली तर दगडं! दोन दिस बोलले न्हाई मी." यावर सुभेदार शांतपणे म्हणायचे, "तीन."

त्यांच्या पँटचे खिसे कायम फाटलेले. धुण्याच्या मशीनमधून खडखड आवाज आला की काकू माझ्या जिन्याशी येऊन ओरडायच्या, "ऐकलंस का गं? सवत न्हाती हाय!" एकदा त्यांचा एक चांगला हिरवट, चर्ट जातीचा दगड आठ दिवस सापडेना. घर पालथं घातलं, माझी गादीसुद्धा झटकली. शेवटी तो लोणच्याच्या बरणीत निघाला. फोडी खाली दाबून धरायला काकूंनी धुऊन ठेवला होता. सुभेदार बरणीपाशी असे उभे राहिले की मला वाटलं, आता काही खरं नाही. काकू म्हणाल्या, "बघता काय? तेवढाच बसतो बरुबर." तो दगड लोणचं संपेपर्यंत तिथेच राहिला.

त्यांची दगड ओळखायची रीत ठरलेली होती. पहिलं म्हणजे ओला करायचा. कोरडा दगड खोटं बोलतो म्हणायचे. पाणी जवळ नसेल तर सरळ जीभ लावायचे, मग एस. टी. स्टँड असो की कुणाचं लग्न. एकदा कोर्टाच्या आवारात रस्त्यासाठी खडी आणून टाकली होती. आमच्या साहेबांनी खिडकीतून बघितलं आणि मला विचारलं, "ते गृहस्थ काय खातायत?" मी म्हणाले, "माझे घरमालक आहेत, सर." साहेबांनी पुढे विचारलं नाही.

ओला करून झाला की कड उन्हावर धरायची. कडेतून उजेड झिरपला तर अकीक. नाही झिरपला तर आपला, म्हणजे जास्पर किंवा चर्ट. मग पोलादी सुरी. सुरीने ओढलं आणि दगडावर चरा पडला तर दगड मऊ, द्यायचा फेकून. उलट सुरीच झिजून दगडावर करडी, चकाकणारी रेघ उमटली तर गडी कडक. पण ही रेघ नेहमी पाठीवर ओढायची. दगडाची चांगली बाजू ती त्याचं तोंड आणि खालची, खडबडीत ती पाठ, हा त्यांचा हिशेब. मी पहिल्यांदा हौसेने सुरी घेतली आणि बरोबर तोंडावर टेकवली, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "त्वांडावर वार करायचा न्हाई, मॅडम. समदी नवखी ह्येच करत्यात."

जास्पर आणि चर्टमधला फरक मी त्यांना पन्नास वेळा विचारला असेल. "चर्ट म्हंजे समदं घरानं. जास्पर त्येच्यातलाच, पर लोखंड पिऊन लाल झाल्याला." बरं, मग जो अर्धा लाल, अर्धा राखाडी, तो कोण? तर म्हणायचे, "शीव आपन घातल्याली हाय. दगडाला काय ठावं?" आणि असले दगड दुधाच्या जुन्या किटलीत टाकायचे. त्या किटलीला मी 'संशयित' असं नाव दिलं होतं. ते त्यांना इतकं आवडलं की एक दिवस त्यांनी तसा कागद चिकटवला. चर्ट पाटीत असायचे. जास्पर मात्र पितळी परातीत, आणि ती परात काकूंच्या लग्नात त्यांच्या माहेरून, कोरेगावहून आलेली. कणीक मळायला काकूंना वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमची थाळी.

पुतण्याने त्यांना मोबाईल घेऊन दिला. हा पुतण्या शेजारीच राहायचा आणि सुभेदारांना मूलबाळ नसल्याने घरातलं काय हवं नको तोच बघायचा. त्याने कुठल्याशा ग्रुपमध्ये त्यांचं नाव घातलं. लोक दगडाचे फोटो टाकून विचारायचे, हा कोणता. सुभेदार प्रत्येकाला एकच उत्तर पाठवायचे. ते मला टाइप करून द्यावं लागायचं: 'फोटू चाटता येत न्हाई.'

बाजारात अंगठ्यांचे खडे विकणारा एक जण बसायचा. एकदा लग्न न जमणारा एक तरुण त्याच्याकडून तांबडा खडा घेत होता. सुभेदारांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, चाटला, उन्हाला धरला. विकणारा हादरला. त्याला वाटलं, आता हे खोटा म्हणणार. सुभेदारांनी खडा पोराला परत दिला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दगुड खरा हाय, लेकरा. पर त्येला तुजं लगीन ठावं न्हाई." पुढे दर बाजारी तो विकणारा त्यांना चहा पाजायचा.

मला त्यांचा राग यायचा तो एकाच गोष्टीचा. सकाळी माणगंगेच्या पात्रात जायचे तेव्हा काकूंना बरोबर न्यायचे. म्हणजे न्यायचे असं नाही, काकूच निघायच्या. "एकटं कुटं सोडायचं? खाली मान घालून चालतोय ह्यो मानूस, साप दिसायचा न्हाई." पण ऊन वर येईस्तोवर त्या बाभळीखाली नुसत्या बसून असायच्या. गुडघे दुखायचे. मी एकदा काकांना बोललेसुद्धा, की त्यांना या सगळ्यात काय गोडी? ते म्हणाले, "न्हाई. गोडी न्हाई तिला." त्यानंतर आठवडाभर पात्राकडे गेले नाहीत. शेवटी काकूंनीच चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला आता. घरात बसून टोचाय लागलाय तुमी."

काकूंचं दुखणं सुरू झाल्यावर ते फिरणं बंद पडलं. पोटाचं दुखणं होतं, मिरजेच्या फेऱ्या झाल्या. परातीवर धूळ साठली. सहा-सात महिने गेले आणि हिवाळ्यात, मी पुण्याला प्रशिक्षणाला गेलेली असताना, काकू गेल्या.

मला परत येता आलं ते नवव्या दिवशी. सुभेदार आणि पुतण्या दहाव्याची तयारी करायला बाहेर गेले होते. ओसरीची कळा बघवेना. उद्या पाव्हणे येणार, गाव येणार. मला नुसतं बसवेना आणि रडायचं तर कुणासमोर? मी पदर खोचला. कोनाड्याखाली एक मातीचं बोळकं फुटून पडलं होतं, मांजराने पाडलं असावं. शेजारी एक तांबूस दगड. परातीतून घरंगळला असणार म्हणून मी तो परातीत टाकला, खापऱ्या केरात भरल्या, आणि परात नळाखाली नेऊन सगळे दगड काथ्याने लखलखीत घासले. काकूंच्या माहेरची परात उद्या चार लोकांत चांगली दिसावी, एवढंच मनात होतं.

सुभेदार आले, चपला काढल्या, आणि कोनाड्याकडे बघत राहिले.

आमच्याकडे अश्मा घाटावरच ठेवतात. अश्मा म्हणजे चितेभोवती फिरताना ज्या दगडाने खांद्यावरच्या मडक्याला भोकं पाडतात तो दगड, दहा दिवस त्यालाच गेलेलं माणूस समजून तिलांजली द्यायची आणि दहाव्याला पाण्यात सोडायचा. सांगलीत आमच्या घरी तो उंबऱ्याच्या आत आलेला मी कधी पाहिला नव्हता. इथे तो ओसरीच्या कोनाड्यात, बोळक्यात ठेवलेला होता, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं. मी काकूंना काथ्याने घासून परातीत टाकलं होतं.

हे त्यांना सांगावं लागलं. अर्धं मी बोलले, अर्धं त्यांनी परातीकडे बघून ओळखलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि म्हणाले, "मांजराची चूक हाय. तुमची न्हाई."

पुतण्याने गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, हरवला तर थोडं प्रायश्चित्त करून दुसरा घेता येतो, घाबरू नका. पुतण्याचा जीव भांड्यात पडला. "काका, घ्या कोनताबी एक. गुरुजीच म्हनत्यात न्हवं?"

"कोनताबी कसा?" सुभेदार म्हणाले. "ती हाय ती."

"मग वळका. तुमच्याएवढं दगडातलं कुनाला कळतंय?"

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो दगड त्यांनी एकदाही बघितला नव्हता. स्मशानात पुतण्याने उचलला, त्यांच्या मुठीत दिला. नऊ दिवस ते त्यावर तीळपाणी सोडत होते ते भिंतीकडे बघून. "बगितलं आसतं तर मी त्येला वळकाय गेलो आसतो, पोरी. जास्पर का चर्ट, कुठला, कसा. खोड जाती व्हय? म्हनलं, धा दिस तरी तिच्याकडं दगुड म्हनून बगायचं न्हाई." पुतण्याला विचारलं तर तो म्हणाला, तांबूस होता, अंड्याएवढा, यापलीकडे काही आठवत नाही. परातीत सगळेच तांबूस आणि बहुतेक अंड्याएवढे. मडक्याची माती, तिळाचा चिकटपणा, जे काही अंगावर राहिलं असतं ते मी धुऊन काढलेलं.

मी म्हणाले, सुरी लावून बघू या? यातला एखादा मऊ निघेल, जास्पर नसेलच.

"तिला सुरी लावू?" ते म्हणाले.

थोड्या वेळाने ते उठले, अंगणात उन्हात घोंगडी पसरली आणि परात तिच्यावर रिकामी केली. "मॅडम, वही आना. तुमी कोर्टात लिव्हता तसं लिव्हून घ्या. माजं दगुड मला ठावं हायेत. त्ये एकेक बाजूला काडतो. ऱ्हाईल ती ती."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशीची ती दुपार. ते एक दगड उचलायचे, ओला करायचे, सांगायचे आणि परत परातीत ठेवायचे. मी लघुलिपीत उतरवत होते.

"दिघंचीचा वढा. हिच्या पायात काटा रुतला, त्यो काडताना घावला."

"करगणीचा रस्ता. यष्टी बंद पडली तवा. ही म्हनली, बसा आता दगडं गोळा करीत."

"कोरेगाव, सासुरवाडी. सासऱ्याच्या मयताला गेलतो. लोकं काय म्हनतील म्हनून हिनं वट्यात घालून आनला."

"राजस्थान. ही न्हवती. त्या दिशी पत्र आलतं हिचं."

असे दीडेकशे. कोर्टात मी इतके जबाब लिहिलेत, पण एकच साक्षीदार प्रत्येक ठिकाणी हजर असलेला असा दुसरा जबाब मी लिहिलेला नाही. मध्येच ते थांबले. "बगा की, जलमभर माज्यामागं उनातानात हिंडवली तिला. गोडी न्हवती, तरी आली. ह्येच खातंय मला." मी मान खाली घालून लिहीत राहिले, कारण हे मीच एकदा त्यांना सुनावलं होतं.

उन्हं कलली तेव्हा घोंगडीवर एक दगड उरायला हवा होता. उरले दोन.

दोन्ही तांबडे, दोन्ही अंड्याएवढे. दोन्ही त्यांनी कधी पाहिले नव्हते. ते पुन्हा पुन्हा परातीकडे बघत होते, एखादा चुकून आधीच मोजला का म्हणून. पुतण्या म्हणाला, "दोन्ही सोडू पान्यात. मिटलं." बोलणं गैर नव्हतं. सुभेदारांनी दोन्ही उचलले, मूठ मिटली, आणि मला वाटलं, झालं, आता दोन्ही जाणार. पण नजर एकदा दगडावर गेली की तिला आवर कसला? त्यांनी मूठ उघडली. एक दगड उन्हाकडे कलता केला.

त्याच्या ऐन तोंडावर एक करडी, चकाकणारी रेघ होती. काथ्याने घासूनही न गेलेली.

"रेघ कुनी वडली?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणाले. पुतण्या म्हणाला, मी कशाला हात लावू? स्वतः सुभेदारांनी तोंडावर रेघ ओढणं शक्यच नव्हतं.

पुतण्याच पहिल्यांदा बोलला. त्याच्या घराचं बांधकाम चाललं होतं, दारात नदीच्या वाळूचा ढीग होता. "काकी बसायची की वाळूवर. तुमी औषधं आनाय मिरजंला जायचा तवा. मी म्हनायचो, काकी, काय शोधतीयास? तर म्हनायची, काय न्हाई रं, वाळू ऊन हाय."

सुभेदार उठून आत गेले. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आले ते काकूंची विळी घेऊन. काही केलं नाही त्यांनी तिचं, नुसती शेजारी ठेवून बसले. मग तो रेघेचा दगड बादलीत बुडवला, कड सूर्याला धरली, डोळा बारीक करून बघितलं, बोटाने पाठ चाचपली, रेघेवर नख फिरवलं. इतकी सावकाश तपासणी मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती.

"जास्पर," ते म्हणाले. "बरुबर वळकलाय तिनं. बरुबर परातीत टाकलाय." आणि त्या नऊ दिवसांत पहिल्यांदा रडले. पुतण्याही रडला आणि मीही. मला काकूंची आठवण येत होती आणि माझीच लाज वाटत होती. त्यांना गोडी नाही हे मी किती खात्रीने सांगितलं होतं, जसं काही मला माणसं कळतात.

दुसरा दगड त्यांनी न बघता धडप्यात बांधला. सकाळी पात्रात सिंचन योजनेचं सोडलेलं पाणी होतं. गुरुजींनी सांगितलं तसं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी तो सोडला आणि हात बराच वेळ पाण्याखाली तसाच ठेवला.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, कालचं एक ऱ्हायलंय. वही आना." रेघेचा दगड त्यांच्या मांडीवर होता. मी शेवटच्या नोंदीखाली पेन टेकवलं.

"जास्पर. दारातली वाळू. औंदाचा उनाळा."

"सापडला कुणाला, तेही लिहू ना?" मी विचारलं. आदल्या दिवशीच्या सगळ्या नोंदींत ते 'ही' म्हणत आले होते, आणि मीही 'ही' असंच लिहीत आले होते.

त्यांनी घसा साफ केला. ओसरीवर आम्ही दोघंच होतो, तरी एकदा इकडेतिकडे बघितलं. मग हळूच काकूंचं नाव घेतलं. पाच वर्षं त्या घरात राहून मी ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मला अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी म्हणाले, "परत एकदा सांगता?"

त्यांनी परत सांगितलं.